वारूळही पुरावाच आहे

काही महिन्यांपूर्वी वाळपईच्या एका कचेरीत आम्ही एका वृद्ध गावड्याबरोबर गेलो होतो. वनहक्काच्या दाव्याची सुनावणी होती. जमिनीवर ताबा कशावरून, असे विचारता म्हातारा म्हणाला, "सायबा, थंय आमचो राखणदार आसा." शहरातून बदलून आलेला तरुण अधिकारी हसला. देवाची साक्ष येथे चालत नाही, कागद आणा, असे त्याने सांगितले. तो उद्धट नव्हता. आम्हांस त्याने खुर्ची दिली. म्हाताऱ्यास मात्र दिली नाही.

अधिकाऱ्याचे चुकले ते केवळ शिष्टाचारात नव्हे, कायद्यात चुकले. २००६ च्या वनहक्क कायद्याच्या नियमांत पुराव्यांची जी यादी आहे, तीत विहिरी, दफनभूमी आणि पवित्र स्थाने यांचा स्पष्ट उल्लेख आहे. दावेदाराखेरीज अन्य वडीलधाऱ्यांचे लेखी उतरविलेले निवेदनही त्याच यादीत आहे. म्हणजे राखणदाराचा धोंडा, देवराई, सातेरीचे वारूळ ही भाबड्या लोकांची श्रद्धास्थाने असतील, पण कायद्याच्या दृष्टीने ती दाखलेही आहेत. ज्यास वारुळात मातीच्या ढिगापलीकडे काही दिसत नाही, त्यास समोरची फाईलच वाचता येत नाही.

म्हणून या मुलखातील कचेऱ्या, बँका, इस्पितळे यांत काम करणारांस गावडा, कुणबी, वेळीप आणि धनगर यांच्या रीतिभातींचे रीतसर शिक्षण द्यावे, असे आमचे म्हणणे आहे. हे परदेशी खूळ आहे, असे आमचे काही स्नेही म्हणतात. कॅनडातील सत्य व सलोखा आयोगाने २०१५ साली ज्या ९४ शिफारशी केल्या, त्यांत सरकारी नोकरांस आदिवासींचा इतिहास शिकवावा अशी एक आहे, हे खरे. ऑस्ट्रेलियात २००६ पासून कंपन्या सलोख्याच्या योजना लिहून काढतात, हेही खरे. पण तशी योजना पदरी असलेल्या रिओ टिंटो कंपनीनेच मे २०२० मध्ये खाणीसाठी जुकान दरीतील गुहा सुरुंगाने उडविल्या. त्या गुहांत ४६,००० वर्षांच्या मानवी वस्तीच्या खुणा होत्या. चहापानासह दोन तासांचे व्याख्यान आणि शेवटी प्रमाणपत्र, एवढ्यावर भागविणारास हे उदाहरण पुरे व्हावे. आम्हांस तसले शिक्षण नको. ते मांडावर व्हावे, जाणत्या म्हाताऱ्यांनी द्यावे, आणि वकिलास जशी फी मिळते तसे त्यांस मानधन मिळावे.

आता आमच्या राज्याची जाण किती, ते आकड्यांवरून पाहा. गोवा, दमण व दीव यांसाठी १९६८ साली अनुसूचित जमातींची यादी झाली. तीत धोडिया, दुबळा, वारली होते. गावड्यांचे नाव नव्हते. २००१ च्या जनगणनेत साऱ्या गोव्यात अनुसूचित जमातीची माणसे भरली ५६६! २००३ साली गावडा, कुणबी आणि वेळीप यांची नावे यादीत आली, आणि २०११ च्या जनगणनेत तो आकडा १,४९,२७५ झाला. एवढी माणसे दहा वर्षांत जन्मली काय? ती होतीच, पाहणारांस दिसत नव्हती. त्याच २०११ साली, २५ मे रोजी, बाळ्ळीच्या आंदोलनात हक्क मागणारे दोन तरुण जिवास मुकले.

सत्तरीतल्या धनगरास तर २००३ च्या यादीतही जागा मिळाली नाही. म्हणून एकाच डोंगराच्या कुशीत राहणाऱ्या गावड्यास १३ डिसेंबर २००५ पूर्वीचा ताबा दाखविला की पुरते, आणि त्याच्या शेजारच्या धनगरास तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा रहिवास सिद्ध करावा लागतो. गुरांमागे रानोरान फिरलेल्या माणसाने ७५ वर्षांचा कागद आणावा कोठून?

सरकारला एवढे बोलल्यावर आमच्या वाचकांसही, जे बहुतेक कुठल्या ना कुठल्या देवस्थानाशी बांधलेले आहेत, थोडे कडू ऐकावे लागेल. सातेरीच्या कित्येक देवळांत मूळ पूजा वारुळाची. ती पूजा येथे गावडा-कुणब्यांपासून आली, असे अनेक अभ्यासक मानतात. पण १९३३ च्या पोर्तुगीज नियमावलीने महाजनांची वही बांधली आणि अनेक देवस्थानांत वहीबाहेरच्यांच्या वाट्यास उत्सवातील कष्ट व थोडा मान उरला, कारभारातले मत उरले नाही. शिगम्यात मांडावर उभा राहणारा गडी कामावर खाडा करतो, म्हणून त्याचा पगार कापणारे मालकही आमच्यांतलेच. मांडावर जाणे ही त्याची चैन नव्हे, ते कुळाचे कर्तव्य आहे. आम्ही सोवळ्यात असताना कोणी आमचा पगार कापला तर आम्हांस चालेल काय? कचेरीतल्या त्या तरुणास हसण्यापूर्वी आपल्या देवस्थानाच्या समितीत म्हाताऱ्यास बसावयास खुर्ची आहे की नाही, ते पाहावे.

म्हाताऱ्याच्या दाव्यास आम्ही पुरवणी जोडली आहे. राखणदाराच्या जागेचा नकाशा, शेजारच्या गावातील तिघा वृद्धांची निवेदने आणि नियमाची प्रत, इतके कागद त्यात आहेत. पुढील तारखेस अधिकाऱ्याने जागेवर यावे, अशी विनंती केली आहे. वाट अर्ध्या तासाची आहे, आणि तेथे चपला काढाव्या लागतात, हे आम्ही त्यास आधीच कळविले आहे.