गाडीतला धूर : मालकाने दुर्लक्ष करू नये

जालना जिल्ह्यातील आम्हा कापडवाल्यांचा धंदा आजही आठवडी बाजारांवर बराच अवलंबून आहे. भोकरदन, अंबड, परतूर, मंठा येथे माल न्यायचा तर जुनी व्हॅन किंवा टेम्पो हाच आधार. नवी गाडी प्रत्येकाला परवडत नाही, त्यात कमीपणाही नाही. पण ‘जुनी गाडी आहे, थोडा धूर आत येणारच’ असे म्हणून काच खाली करणे, हे आम्हाला मान्य नाही.

धुरातील कार्बन मोनॉक्साईड वायूला रंग नाही, वासही नाही. रक्तातील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा 200 पटींहून अधिक जोराने चिकटतो. पेट्रोलच्या गाडीत तो डिझेलपेक्षा जास्त निघतो. डोके दुखणे, मळमळ, गुंगी ही त्याची लक्षणे. आपण त्यांना प्रवासाचा थकवा समजतो. डिसेंबर 2024 मध्ये केरळातील वडकरा येथे रस्त्याकडेला उभ्या कॅरॅव्हॅनमध्ये दोघे मृतावस्थेत आढळले. जनरेटरचा हाच वायू आत शिरला होता.

धूर येतो कोठून? पहिले कारण आपल्याच धंद्यातले आहे. दुकान मांडण्याचे बांबू लांब असतात, म्हणून मागचा दरवाजा अर्धा उघडा ठेवून दोरीने बांधतात. चालत्या गाडीच्या मागे हवेचा दाब कमी होतो आणि सायलेन्सरचा धूर त्या फटीतून आत ओढला जातो. बांबू टपावर बांधावेत, दरवाजा पूर्ण लावावा.

दुसरे कारण खालची गळती. सकाळी इंजिन थंड असताना गाडी मोकळ्या जागी सुरू करावी. मेकॅनिकने सायलेन्सरच्या तोंडाशी जाड फडके दोन-तीन सेकंद धरावे. गळती असेल तेथे फसफस आवाज येतो. मॅनिफोल्डचे गॅस्केट, पाइपाचे सांधे येथे काळी काजळी दिसली तर दोष तेथेच समजावा.

तिसरे कारण केबिनची छिद्रे. ओम्नीचे इंजिन पुढच्या सीटखाली, मॅटाडोरचे तर केबिनमध्येच. झाकणाचे रबर गेले की वाट मोकळी. अंधारात आत बॅटरी लावून खालून पाहावे, उजेड दिसेल तेथून धूरही येईल. दरवाजाच्या रबरात कागदाची पट्टी धरून दरवाजा लावावा. पट्टी सहज निघाली तर रबर बदलावे.

‘पीयूसी आहे ना’ असे बरेच जण म्हणतात. ती तपासणी सायलेन्सरच्या तोंडाशी होते; केबिनमध्ये काय शिरते, ते ती सांगत नाही. आमचे म्हणणे असे की फिटनेसच्या वेळी गळती आणि रबरही काटेकोर पाहिले जावे. तोवर मालकाने स्वतः पाहावे.

प्रवासात दोघा-तिघांचे एकदम डोके दुखू लागले तर गाडी थांबवून सर्वांना बाहेर काढावे, दवाखाना गाठावा आणि डॉक्टरांना धुराचे सांगावे. बोटाला लावायचे ऑक्सिजनचे यंत्र या वायूने फसते, त्यावर विसंबू नये.

थानाला धुराचा वास लागला तर आपण लगेच ओरडतो, कारण गिऱ्हाईक माल परत करते. मालक पुढे खिडकीशी बसतो. मागे गठ्ठ्यांजवळ बसणारा नोकर मात्र डोके धरून गप्प राहतो. त्याच्या रोजीची जबाबदारी आपण घेतली आहे, तर त्याच्या श्वासाचीही घ्यावी.