गायिका भरपूर, मग संगीतकार बायका इतक्या कमी का? समजून घ्या स्नेहा खानवलकर यांच्या प्रवासातून

भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत अमरावती-अकोल्यात भुलाबाईची गाणी म्हटली जातात. पोरीबाळींनी, बायकांनी पिढ्यानपिढ्या जपलेली. पण त्यांच्या चाली कुणी लावल्या? नाव कुठेच नाही. सिनेमात चाल लावणाऱ्याचं नाव पडद्यावर येतं, मात्र तिथे बायकांची नावं बोटांवर मोजण्याइतकीच. त्यातलं एक मराठी नाव म्हणजे स्नेहा खानवलकर.

कोण आहेत स्नेहा?

जन्म इंदूरचा. आजोळी ग्वाल्हेर घराण्याचं गाणं, त्यामुळे संगीत लहानपणीच कानावर पडलं. पुढे कुटुंब मुंबईला आलं. अ‍ॅनिमेशन, कलादिग्दर्शन करून पाहिल्यावर त्यांनी संगीत निवडलं. 2008च्या 'ओये लकी! लकी ओये!'ने त्यांना ओळख मिळाली.

त्यांच्या कामात वेगळं काय?

त्या स्टुडिओत बसण्याआधी फिरतात. 'ओये लकी'साठी हरियाणात रागिणी ऐकली. 2012च्या 'गँग्ज ऑफ वासेपूर'साठी बिहार पालथा घातला आणि थेट त्रिनिदाद गाठलं. उसाच्या मळ्यात मजुरीला नेलेल्या भोजपुरी माणसांच्या वंशजांचं 'चटनी' संगीत तिथे आहे. 'हंटर' हे गाणं त्यातूनच आलं. 'वुमनिया' गायलं पाटण्याच्या रेखा झा आणि खुशबू राज यांनी. लग्नघरात बायका जमून गातात, तोच बाज. त्याच वर्षी एमटीव्हीच्या 'साउंड ट्रिपिन'मधून त्यांनी नूराँ भगिनींचा आवाज देशभर पोहोचवला.

मग अडतं कुठे?

संगीतकाराला फक्त चाल लावून भागत नाही. निर्मात्याशी बोलणी, वादकांचा ताफा, बजेट, शेवटचा निर्णय, सगळं त्याच्याकडे असतं. बाईचा गळा या इंडस्ट्रीला कायम हवा होता, तिच्या हाती सूत्रं द्यायला मात्र ती कचरली.

खुद्द लता मंगेशकर यांनी 1960च्या दशकात 'आनंदघन' या टोपणनावाने मराठी चित्रपटांना संगीत दिलं. 'साधी माणसं'साठी त्यांना राज्य पुरस्कारही मिळाला. फिल्मफेअरचा संगीतकाराचा पुरस्कार 1954पासून दिला जातो. 2022मध्ये तो एका महिलेला मिळाला. 'शेरशाह'साठी जसलीन रॉयल यांना, आणि तोही इतर संगीतकारांबरोबर विभागून.

आपल्याशी याचा संबंध काय?

वऱ्हाडातल्या घराघरांत अशा चाली अजून आहेत. यंदा भुलाबाईचं गाणं मोबाइलवर रेकॉर्ड करून टाकणार असाल, तर ते म्हणणाऱ्या आजीला विचारा, तुम्हाला कुणी शिकवलं? आणि दोघींची हरकत नसेल, तर दोघींचीही नावं कॅप्शनमध्ये लिहा.