चिरा लहान, ऑपरेशन तेवढंच!

'बिनटाक्याचे ऑपरेशन' हा शब्द ज्याने कुणी काढला त्याला मी मराठीच्या पेपरात शून्य दिलं असतं. दवाखान्यांच्या पाट्यांवर, रिक्षांच्या पाठीवर, जिथे बघावं तिथे हा शब्द. अहो, दुर्बिणीतून अपेंडिक्स काढताना पोटाला बहुधा तीन छिद्रं पाडतात. त्यातलं बेंबीजवळचं साधारण सेंटिमीटरभराचं असतं आणि ते टाका घालूनच शिवतात. आत अपेंडिक्सची रक्तवाहिनी बंद करायची, बुडाशी गाठ मारायची, कापायचं आणि बाहेर काढायचं. चिरा देऊन केलं तरी आत हेच करतात! कातडीवरची जखम लहान, पोटातलं काम तेवढंच. पण असं लिहिलं तर पाटी कोण वाचणार?

मी काही डॉक्टर नाही. मराठी माध्यमातून बी. ए. केलं आणि ३२ वर्षं शाळेत शिकवलं. पण 'वाक्य नीट वाचा, मग उत्तर लिहा' हे जे मुलांना सांगत आले, ते जाहिरातीलाही लागू आहे की नाही?

आपल्या लोकांच्या डोक्यात एक समीकरण पक्कं बसलंय. दुर्बीण म्हणजे नवं, म्हणून चांगलं. चिरा म्हणजे जुनाट, गरिबांचं, सरकारी दवाखान्यातलं. दुसऱ्या बाजूला माझ्या वयाची मंडळी, त्यांना दुर्बीण म्हणजे नुसता पैसे काढायचा धंदा वाटतो. माझं भांडण दोघांशीही आहे, पण पहिल्यांशी जास्त. कारण त्यांच्या हट्टाने माणसाचा जीव टांगणीला लागलेला आम्ही पाहिलाय. त्याबद्दल पुढे लिहिते.

हा 'जुनाट' चिरा काय आहे बघा. न्यूयॉर्कच्या चार्ल्स मॅकबर्नी या सर्जनने १८८९ मध्ये पोटाच्या उजव्या बाजूला नेमकं कुठे दाबलं की दुखतं ते सांगितलं आणि १८९४ मध्ये तिथे चिरा कसा द्यायचा ते. स्नायू आडवे कापायचे नाहीत. त्यांचे तंतू ज्या दिशेने जातात त्याच दिशेने ते फाकवून आत शिरायचं, काम झालं की ते आपापल्या जागी परत येतात. सडपातळ माणसाला दोन-अडीच इंचांत भागतं. सव्वाशे वर्षं उलटली तरी जगभर हाच चिरा देतात. याला जुनाट म्हणायचं तर चाकही जुनाटच.

गंमत अशी, की दुर्बिणीने अपेंडिक्स काढणारा पहिला माणूस पोटाचा सर्जन नव्हताच. १९८० मध्ये जर्मनीतल्या कील गावी कुर्ट झेम नावाच्या स्त्रीरोगतज्ज्ञाने ते केलं. सर्जन मंडळी त्याच्यावर तुटून पडली. या माणसाला वैद्यकीतून निलंबित करा, इथपर्यंत मागणी गेली! आपल्याकडे मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहमटन उदवाडिया यांनी १९७२ पासून पोटात दुर्बीण घालून निदान करायला सुरुवात केली आणि १९९० मध्ये दुर्बिणीतून पित्ताशयही काढलं. एकेकाळी दुर्बीण वापरणारा वेडा ठरत होता, आता चिरा देणारा अडाणी ठरतो. असो.

मग खरं काय? कॉक्रेन नावाची संस्था अशा तुलनांचे सगळे अभ्यास एकत्र तपासते. त्यांच्या २०१८ च्या आढाव्यानुसार मोठ्या माणसांत दुर्बिणीनंतर जखमेत पू होण्याचं प्रमाण चिऱ्याच्या निम्म्याहून कमी आणि रुग्णालयातला मुक्काम साधारण एका दिवसाने कमी. दुखणंही थोडं कमी. पण पोटाच्या आत पू साचण्याचं प्रमाण दुर्बिणीनंतर जास्त! वरची जखम चिघळली तर दिसते, ड्रेसिंगने भागते. आत पू साचला तर पुन्हा भरती व्हावं लागतं. ही दुसरी ओळ मी कुठल्याच पाटीवर वाचलेली नाही.

दुर्बिणीचं श्रेय तिला दिलंच पाहिजे. तरुण मुलीच्या उजव्या ओटीपोटात दुखतंय, तर ते अपेंडिक्स की बीजांडकोशाचा पीळ, हे दुर्बिणीतून डोळ्यांनी दिसतं. स्थूल माणसाला छोट्या चिऱ्यातून काम होत नाही, तिथेही दुर्बीणच बरी. हातावर पोट असलेल्याला लवकर कामावर जाता आलं तर तेही काही कमी नाही. पण दुर्बिणीसाठी पोटात वायू भरतात आणि बहुतेक वेळा पूर्ण भूल लागते. चिऱ्याचं ऑपरेशन पाठीत इंजेक्शन देऊन होतं. तालुक्याच्या गावी रात्री अकरा वाजता हा फरक फार मोठा असतो. (आपल्याकडच्या काही ग्रामीण सर्जनांनी पोट वरून उचलून धरून, वायूशिवाय आणि पाठीतल्या भुलेवर दुर्बीण वापरायची युक्ती चालवली आहे. त्यांची जाहिरात मात्र कुठे दिसत नाही.)

आता ती गोष्ट. माझ्या चुलतदिरांचा १४ वर्षांचा नातू. तालुक्याचे सर्जन पंचवीस वर्षं हेच काम करताहेत. ते म्हणाले, "आज रात्रीच काढू, चिरा देऊन." घरचे म्हणाले, "दुर्बीण नाही? मग शहरात नेतो." पावसात चार तास गाडी. तिथे मेडिक्लेमची खिडकी, पुन्हा सोनोग्राफी, आणि ऑपरेशन दुसऱ्या दिवशी दुपारी. तोवर अपेंडिक्स फुटलेलं. दुर्बीण घातली, जमेना, शेवटी पोट उघडावंच लागलं. ११ दिवस पोरगं नळी लावून पडून होतं. भाऊजी, तुम्ही हे वाचणार हे मला माहीत आहे. रात्रीच काढलं असतं तर सगळं सुरळीत झालं असतं, असं मी छातीठोकपणे म्हणत नाही. साधं अपेंडिक्स असेल तर रुग्णालयात सलाईन-अँटिबायोटिकवर काही तास थांबलेलं चालतं, असं डॉक्टरही मानतात. पण ते खाटेवर, डॉक्टरांच्या नजरेखाली थांबणं. घाटात ट्रकच्या मागे थांबणं नव्हे.

आणि दुर्बीण अडली तेव्हा कामाला आला तो मॅकबर्नीच्या काळातला हातच ना? आपण सगळेच 'दुर्बीणच हवी' म्हणत राहिलो, तर नव्या पोरांना पोट उघडायचा सराव मिळणार कुठे?

शिवाय आता तिसराच पक्ष आलाय, ऑपरेशनच नको म्हणणारा. अमेरिकेत १५५२ रुग्णांवर झालेला एक अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांना नुसती अँटिबायोटिक्स दिली त्यांच्यातल्या साधारण २९ टक्क्यांचं अपेंडिक्स तीन महिन्यांत काढावंच लागलं. बाकीच्यांचं तोवर निभावलं. पुढे काहींना पुन्हा त्रास झाला. ज्याला-त्याला आपापल्या डॉक्टरांशी बोलून ठरवू दे.

उद्या तुमच्या घरात कुणाचं पोट दुखलं तर 'दुर्बीण आहे का?' हा प्रश्न पहिला नको. डॉक्टर, तुम्ही स्वतः कोणत्या पद्धतीने जास्त केलीत? मध्येच अडलं तर उघडून करणारं कुणी इथे आहे का? भूल कोण देणार? आणि आज करणार की उद्या? एवढं विचारा. आणि ज्यांना माझा राग आला असेल त्यांनी सरळ फोन करावा, फक्त दुपारी एक ते चार नको.