क्रोन्सच्या रुग्णांचे मागणीपत्र : पोषणोपचार योजनेत घ्या

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री, महाराष्ट्र राज्य

महोदय,

क्रोन्स हा आतड्यांचा आयुष्यभराचा आजार. औषधांनी तो शांत होतो आणि पुन्हा उसळतो. प्रत्येक उसळीगणिक आतडे अरुंद होण्याचा व शस्त्रक्रियेचा धोका वाढतो. आजार शांत ठेवायला औषधांच्या जोडीने पोषणोपचाराची, म्हणजे काही किंवा सर्व कॅलरी पोषक द्रवातून घेण्याची, मदत होऊ शकते. त्याचा खर्च मात्र आमच्या संघटनेचे सभासद वर्षानुवर्षे स्वतः सोसत आहेत. म्हणून पुढील मागण्या.

१. पावडरीचा खर्च. जपानमधील 51 रुग्णांच्या अभ्यासात (2006) निम्म्या कॅलरी पोषक द्रवातून घेणाऱ्यांपैकी सुमारे 35 टक्के रुग्णांचा आजार उसळला. नेहमीचे जेवण घेणाऱ्यांत हे प्रमाण 64 टक्के होते. असा द्रव बनवायला रोज 900 ते 1200 कॅलरींची पावडर, म्हणजे 400 ग्रॅमचे महिन्याला साधारण 15 ते 20 डबे लागतात. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचा भर रुग्णालयात दाखल झाल्यानंतरच्या उपचारांवर आहे. आतडे कापायला निधी आहे, ती वेळ टाळण्याच्या प्रयत्नाला नाही. पोटविकारतज्ज्ञांच्या चिठ्ठीवर ही पावडर मोफत मिळावी.

२. मुलांना प्राधान्य. मुलांमध्ये 6 ते 8 आठवडे केवळ पोषक द्रव देणे हा मान्यताप्राप्त पहिला उपचार आहे. त्यामुळे वाढ खुंटवणारी स्टेरॉइड टाळता येतात. 18 वर्षांखालील रुग्णांना हा उपचार व पुढील अंशतः पोषणोपचार आधी मिळावा. शाळेत द्रव पिण्याची आणि केव्हाही स्वच्छतागृहात जाण्याची मुभा लेखी आदेशाने द्यावी.

३. आहारतज्ज्ञ. ऐकीव सल्ल्यावरून रुग्ण दूध, डाळी, भाज्या सोडतात आणि अशक्त होतात. काही परदेशी आहारतक्ते चिकन-अंड्यांवर बेतलेले असल्याने शाकाहारी घरांत चालत नाहीत. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत या आजाराचे प्रशिक्षण घेतलेला आहारतज्ज्ञ आठवड्यातून एक दिवस बसावा. शाकाहारी व मांसाहारी असे दोन्ही तक्ते मराठीत मिळावेत.

४. तपासण्या. शौचातील कॅलप्रोटेक्टिन (आतड्यांचा दाह दाखवणारे प्रथिन), लोह, ब-12 आणि ड जीवनसत्त्व यांच्या तपासण्या मोफत व्हाव्यात. लहान आतड्याचा शेवटचा भाग काढलेल्यांना ब-12 ची इंजेक्शने नियमित मिळावीत.

या मागण्या व्यवहार्य आहेत. निक्षय पोषण योजनेतून क्षयरुग्णांना 2018 पासून दरमहा 500 रुपये व नोव्हेंबर 2024 पासून 1000 रुपये मिळतात. उपचारात पोषणाला स्थान आहे, हे तत्त्व शासनाने स्वीकारलेलेच आहे.

आमच्या अटीही स्पष्ट आहेत. पोषणोपचारामुळे कोणाचेही औषध बंद होऊ नये. दर तीन महिन्यांनी आढावा घ्यावा आणि लाभ नसेल तर पावडर थांबवावी. दीर्घकालीन पुरावा अजून मर्यादित आहे. म्हणून मुंबई, पुणे, नागपूर व छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत एक वर्ष प्रायोगिक अंमल करून निष्कर्ष जाहीर करावेत.

60 दिवसांत संघटनेच्या प्रतिनिधींसह बैठक घ्यावी, प्रत्येक मागणीवर लेखी निर्णय कळवावा आणि येत्या अर्थसंकल्पात तरतूद करावी.

अध्यक्ष व सचिव,
क्रोन्सच्या रुग्णांच्या व पालकांच्या संघटनेकरिता