बाहेरचे म्हणजे नक्की कोण?

परवा, शुक्रवारी संध्याकाळी, घरी निघायच्या बेतात असताना एचआरची मेल आली. आपल्या कंपनीबद्दल बाहेरच्या लोकांचं मत कसं आहे असं तुम्हाला वाटतं? १ ते ५ मध्ये सांगा.

आता बाहेरचे म्हणजे कोण हो? क्लायंट? होम लोन देणारा बँकवाला? दुसरीकडे उडी मारलेला बॅचमेट? की आमचे सासरेबुवा, ज्यांना अजून वाटतं की जावई कॉम्प्युटर दुरुस्त करतो? प्रत्येकाचा आकडा वेगळा. मी मुकाट ४ दिले. कारण सांगू? लिंकच्या शेपटाला माझा एम्प्लॉयी नंबर होता आणि अप्रेझल पुढच्या महिन्यात आहे.

या सगळ्यांची सरासरी काढून स्लाइडवर 'मार्केटमधली आपली इमेज' म्हणून झळकवणार. अरे, बाहेरच्या एकालाही विचारलेलं नाही! ही आमची अटकळ आहे, आणि तीही भीतीच्या चाळणीतून आलेली.

प्रश्न मुळात वेडगळ नाही, बरं का. माएल आणि अ‍ॅशफोर्थ यांनी १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात एका अमेरिकन कॉलेजच्या माजी विद्यार्थ्यांना असंच विचारलं होतं. पण एका प्रश्नात उरकलं नव्हतं. काही प्रश्न मुद्दाम उलटे होते, म्हणजे डोळे मिटून ५-५-५ मारणारा सापडतो. आणि माजी विद्यार्थ्याचं अप्रेझल कोण करणार? त्यांना शोधायचं होतं ते आपलेपण: लोक आपल्या संस्थेला मान देतात असं वाटलं की माणूस तिला 'आपली' म्हणतो का. कंपनीची पत मोजायचा तो दावाच नव्हता.

पत आणि अटकळ यांतलं अंतर बघायचं तर सत्यम आठवा. सप्टेंबर २००८ मध्ये कॉर्पोरेट गव्हर्नन्ससाठी गोल्डन पीकॉक पुरस्कार. त्या आठवड्यात हा सर्व्हे घेतला असता तर लोकांनी प्रामाणिकपणे ५ दिले असते. ७ जानेवारी २००९ ला रामलिंग राजूंचं पत्र आलं आणि कळलं की ताळेबंदातली हजारो कोटींची रोकड नव्हतीच.

तेव्हा विचारायचंच तर आधी तो नंबर काढा. क्लायंट, शेजारी, बॅचमेट वेगवेगळे विचारा. मग खऱ्या क्लायंटलाही विचारा आणि दोन्ही आकडे शेजारी शेजारी लावा. त्यांतला फरक दाखवणारी स्लाइड मात्र मला बघायची आहे. आजवर एकदाही दिसलेली नाही.