वाद्य परके, विद्या परकी नव्हे

मुलाने तबला किंवा पेटी शिकण्याचे मनात आणले, तर आपल्या घरांतून सहसा कोणी हरकत घेत नाही. गिटारचे नाव निघताच मात्र वडील मंडळींच्या कपाळास आठ्या पडतात. आणि त्यातून ती जॅझची गिटार असली, तर तो निव्वळ हॉटेलांतील करमणुकीचा मामला ठरतो. ही समजूत कितपत खरी, हे एका वादकाच्या चरित्रावरून पाहण्याजोगे आहे.

अमान्सिओ डिसिल्व्हा यांचा जन्म १९३६ साली मुंबईत, मूळच्या गोमंतकीय कुटुंबात झाला. त्यांनी जॅझची वाट धरली. जॅझमध्ये मूळ सुरावट आणि तिच्या आधारास चालणारी स्वरसंघांची मालिका एवढेच बहुधा आधी ठरलेले असते. पुढचा विस्तार वादकाने त्या क्षणी करावयाचा. बंदिशीच्या आधाराने उपज करणाऱ्या आपल्या गवयास ही शिस्त अगदीच अनोळखी वाटू नये. डिसिल्व्हांनी हे साम्य ओळखले व आपल्या रचनांतून दोन्ही संगीतांस एका घरात नांदविले.

पुढे ते सहकुटुंब लंडनला गेले. तेथे १९६९ साली त्यांची ‘इंटिग्रेशन’ ही ध्वनिमुद्रिका निघाली. त्याच वर्षी जमैकात जन्मलेले सॅक्सोफोनवादक जो हॅरियट यांच्या साथीने त्यांनी दुसरी मुद्रिका केली. लंडनात भेटलेल्या ह्या दोन परदेशस्थांच्या मुद्रिकेचे नाव ‘हम दोनो’ असे अस्सल देशी होते!

तथापि ह्या व्यवसायात यशाची हमी नसते, हेही सांगितले पाहिजे. त्यांची ‘कोंकण डान्स’ ही मुद्रिका ध्वनिमुद्रित होऊन वर्षानुवर्षे पडून राहिली. १९९६ साली त्यांचे निधन झाले. मुद्रिका बाहेर आली ती २००६ साली. उत्तरायुष्यात ते लंडनमधील जेनाको कलाकेंद्रात गिटार शिकवीत असत.

शिकविण्याचे मोल नागपूरकरांस वेगळे सांगावयास नको. वसंतराव देशपांडे बाळपणी येथेच शंकरराव सप्रे यांच्याजवळ शिकले. सप्रे यांनी स्वतः किती मैफली जिंकल्या, हे आज कोणी विचारीत नाही. त्यांनी घडविलेला शिष्य सर्वांस ठाऊक आहे.

तेव्हा घरातील मुलाने अथवा मुलीने गिटार मागितली, तर वडीलधाऱ्यांनी वाद्याचे कूळ पाहत बसू नये. रोज नेमाने बसण्याची तयारी आहे काय, स्वरलिपी वाचण्याचे कष्ट सोसवतील काय, आणि टाळ्या न मिळाल्या तरी चार विद्यार्थ्यांस शिकविण्यात समाधान वाटेल काय, एवढे विचारावे. ह्या प्रश्नांस प्रामाणिक होकार मिळाला, तर परवानगी द्यावी. आणि मिळकतीची वाट पाहण्याचा धीर घरानेही धरावा.