जुना कॉम्प्युटर भंगारात देण्याआधी एवढं वाचा

जिल्ह्यातल्या मित्रांनो, पोस्ट लांब आहे, पण प्रश्न तुमच्या-माझ्या खिशाचा आहे. म्हणून शेवटपर्यंत वाचा.

१४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा सपोर्ट बंद केला. म्हणजे कॉम्प्युटर बंद पडला असं नाही. तो चालतो, पण सुरक्षेचे नवे अपडेट मिळणं थांबतं. विंडोज ११ टाकावं म्हटलं तर त्याला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते आणि इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. म्हणजे २०१५-१६ ला पोरांच्या शिक्षणासाठी पोटाला चिमटा काढून घेतलेला लॅपटॉप एका तारखेला 'जुना' ठरला. काऊन? मशीन तर चांगली आहे!

दुकानात गेलं की बहुतेक वेळा दोनच उत्तरं मिळतात. एक, नवा घ्या. दोन, 'क्रॅक' मारून देतो. नवा घ्यायला सोयाबीन-कापसाचे पैसे हाती यावे लागतात. आणि क्रॅकमधून काय काय आत शिरतं ते दिसत नाही. ज्या कॉम्प्युटरवर आपण बँकेचा पासवर्ड आणि आधारची पीडीएफ ठेवतो, त्याच्या किल्ल्या कोण्या अनोळखी माणसाच्या हाती देऊ नका.

मग करायचं काय?

पहिलं, घाई करू नका. मायक्रोसॉफ्टनेच घरगुती वापरकर्त्यांना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षा अपडेटची वाढीव मुदत दिली आहे. मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन करून सेटिंग्जचा बॅकअप चालू केला तर त्याचे पैसे लागत नाहीत. सेटिंगमध्ये विंडोज अपडेट उघडून बघा, नोंदणीचा पर्याय तिथेच असतो. त्यासाठी विंडोज १० चं २२एच२ हे व्हर्जन असावं लागतं.

दुसरं, स्लो चालतो म्हणून मशीनला शिव्या देऊ नका. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४४-४५ ला टेकतो. पंख्यात धूळ बसली की मशीन तापते आणि तापली की स्वतःच वेग कमी करते. आधी धूळ साफ करून घ्या, प्रोसेसरवरची पेस्ट बदलून घ्या. आत जुनी फिरती हार्डडिस्क असेल तर तिच्या जागी एसएसडी टाका. नव्या लॅपटॉपच्या मानाने हा खर्च किरकोळ आहे आणि फरक पहिल्याच दिवशी कळतो.

तिसरं, आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचं, लिनक्स वापरून बघा. 'लिनक्स मिंट' हे फुकट आहे आणि कायदेशीर आहे. ४ जीबी रॅमवर ते बरं चालतं आणि दिसायलाही विंडोजसारखंच आहे. ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर घ्या आणि कॉम्प्युटर त्यावरून सुरू करा. काहीही न पुसता ते आधी चालवून पाहता येतं. वायफाय, आवाज, प्रिंटर चालतात का ते तपासा. पटलं तरच इन्स्टॉल करा, तेही फोटो-कागदपत्रांची कॉपी दुसरीकडे ठेवून. वर्ड-एक्सेलच्या जागी लिबरऑफिस आहे, त्याचे मेनू मराठीतही मिळतात. मराठी टायपिंगसाठी युनिकोड आणि इनस्क्रिप्ट कीबोर्ड आहे. कृतिदेवमधल्या फाइली मात्र कन्व्हर्टरमधून युनिकोडमध्ये करून घ्या, नाहीतर दुसऱ्या मशीनवर नुसती भेंडोळी दिसतील.

आता खरं सांगतो, लिनक्स सगळ्यांसाठी नाही. टॅलीवर हिशेब ठेवणारे, श्रीलिपीवर डीटीपी करणारे आणि सेतू केंद्रवाले यांचं त्यावर अडेल. अंगठा घेणाऱ्या यंत्रांचे ड्रायव्हर मुख्यतः विंडोज आणि अँड्रॉइडसाठीच येतात. त्यांनी विंडोजवरच राहावं. पण पोराचा अभ्यास, फॉर्म भरणं, यूट्यूब, अर्ज टाइप करणं एवढंच काम असणाऱ्या घराला नवी मशीन कशाला?

इथेच हा विषय तुमच्या-माझ्या घराबाहेर जातो. आपल्या कित्येक पोरांनी एमएस-सीआयटी केलं. त्या नावातला 'एमएस' म्हणजे महाराष्ट्र स्टेट, मायक्रोसॉफ्ट नव्हे. पण शिकलो काय? विंडोज आणि एमएस ऑफिस. म्हणून कॉम्प्युटर म्हणजे विंडोज हे डोक्यात पक्कं बसलं. केरळने सरकारी शाळांतले कॉम्प्युटर वर्षानुवर्षं लिनक्सवर चालवले, तिथली पोरं काही मागे पडली नाहीत. केंद्र सरकारनेही २०१५ मध्येच मुक्त सॉफ्टवेअरला प्राधान्य देण्याचं धोरण जाहीर केलं. धोरण कागदावर आहे. ते यवतमाळपर्यंत कधी पोचणार?

म्हणून माझ्या तीन मागण्या आहेत. जिल्हा परिषदेच्या शाळा, ग्रामपंचायती आणि कार्यालयांतले कॉम्प्युटर 'विंडोज ११ चालत नाही' एवढ्याच कारणाने निर्लेखित करू नका. आधी लिनक्सवर तपासा, आणि चालणारे शाळांना, गावच्या वाचनालयांना द्या. सोळाही तालुक्यांत एकेका शिक्षकाला याचं प्रशिक्षण द्या. आणि सरकारी यंत्र-पोर्टल खरेदी करताना ते लिनक्सवरही चाललं पाहिजे ही अट निविदेतच घाला. तिसरी मागणी मान्य झाली तर सेतूवाल्याचीही सुटका होईल.

जे खरंच मेलंय ते भंगारवाल्याला तोडायला-जाळायला देऊ नका. ई-कचऱ्याचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत, तो नोंदणीकृत रिसायकलरकडेच गेला पाहिजे. आणि देण्याआधी हार्डडिस्क काढून घ्या, तुमची कागदपत्रं त्यातच आहेत.

तुमच्या गावच्या शाळेत किती कॉम्प्युटर नुसते झाकून ठेवलेत? गावाचं नाव आणि आकडा कमेंटमध्ये लिहा. यादी झाली की ती घेऊन जिल्हा परिषदेत जाऊ. नुसतं बोलून होत नाही बाप्पा, कागद द्यावा लागतो.